आयर्लंडमधलं वाइल्ड नेफिन (बॅलिक्रॉय) राष्ट्रीय उद्यान: आई-बाबांना घेऊन जावं का?

वाईची_लेक | २ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आई-बाबा वाईहून पहिल्यांदाच आलेत, दोन महिने आमच्याकडे डब्लिनला आहेत. मोहेरचे कडे झाले, ग्लेनडालोक झालं. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. परवा त्यांनी आमच्या भिंतीवरच्या नकाशात मेयो परगण्याच्या वायव्य कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे एकही रस्ता नाही गं. एवढ्याशा देशात एवढी जागा मोकळी कशी राहिली?"

शोधलं तर तिथे राष्ट्रीय उद्यान निघालं. कुठे नाव बॅलिक्रॉय, कुठे वाइल्ड नेफिन. फोटोंत तपकिरी माळ आणि मागे डोंगर, बाकी काहीच नाही. बाबांना तिथेच जायचंय. आईचा डावा गुडघा दुखतो. सपाटीवर दोन-तीन किलोमीटर चालते, उतार नको म्हणते. मे अखेरीस शनिवार-रविवार जायचा विचार आहे. कुणी गेलंय का? बाबांना तिथलं आकाशही बघायचंय, रात्री खूप तारे दिसतात असं त्यांनी वाचलंय.

मेयोत_मुक्काम | २ मे, रात्री १०:२५

ताई, नक्की न्या. मी नऊ वर्षं मेयोत राहते, वर्षातून चार-पाचदा तरी तिथे जाते.

आधी नावाचा घोळ. १९९८ साली उद्यान झालं तेव्हा नाव होतं बॅलिक्रॉय राष्ट्रीय उद्यान, आयर्लंडचं सहावं. नंतर पूर्वेकडचं नेफिनचं जंगल त्यात आलं, क्षेत्र साधारण १५,००० हेक्टरपर्यंत गेलं आणि नाव वाइल्ड नेफिन झालं. म्हणजे जागा एकच. पण नेफिन नावाचा जो मोठा एकटा डोंगर आहे (८०६ मीटर), तो उद्यानात नाही, पूर्वेला बराच लांब आहे. उद्यानात आहे ती नेफिन बेग रांग. फोनमध्ये नुसतं 'नेफिन' टाकलंत तर भलत्याच गावाला पोचाल. 'बॅलिक्रॉय व्हिजिटर सेंटर' असंच टाका.

रस्ता: डब्लिन ते वेस्टपोर्ट, तिथून न्यूपोर्ट, मलरॅनी, मग एन ५९ ने उत्तरेला बॅलिक्रॉय. डब्लिनहून थांबत थांबत पाच तास धरा. सकाळी जाऊन रात्री परत असा बेत आई-बाबांबरोबर करू नका. मुक्काम न्यूपोर्ट किंवा मलरॅनीला. रेल्वे वेस्टपोर्टपर्यंतच येते, पुढे गाडी लागतेच.

प्रवासी_पक्षी | ३ मे, सकाळी ७:५०

माझं मत वेगळं आहे आणि मनापासून सांगतो. आम्ही मागच्या जूनमध्ये गेलो होतो. पाऊस, वारा, चहूकडे तपकिरी गवत. मुलं अर्ध्या तासात कंटाळली. सेंटर छान आहे, पण पाच तास गाडीत बसून जावं असं आम्हाला काही सापडलं नाही. आई-बाबांचे दिवस मोजके असतात. त्यापेक्षा कॉनेमाराला न्या: तळी आहेत, काइलमोरचा मठ आहे, डोंगरही जवळून दिसतात. बॅलिक्रॉयला बघायचं काय, हेच आम्हाला कळलं नाही.

निळावंती | ३ मे, दुपारी १:१५

प्रवासी_पक्षी, तुमचा अनुभव खरा आहे, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मी वनस्पतिशास्त्रातली. बॉगवर पहिले दोन तास मी क्षितिजाकडे बघत होते, म्हणून काही दिसलं नाही. ती जागा पायाशी बघायची असते.

ताई, बाबा भूगोलाचे शिक्षक म्हणून थोडं सविस्तर लिहिते, त्यांना आवडेल.

बॉग म्हणजे आपल्याकडची दलदल नव्हे. आपली दलदल नदीच्या, तळ्याच्या काठाला असते, तिला पाणी खालून किंवा बाजूने मिळतं. इथल्या बॉगला पाणी फक्त आभाळातून. याला म्हणतात ब्लँकेट बॉग. मी आमच्या आईला 'गोधडी' असं सांगितलं होतं, कारण दिसतं अगदी तसंच: खड्डा, उंचवटा, उतार, काही न बघता सगळ्यावर एक जाड थर पसरलेला. त्या थराला पीट म्हणतात. तो माती नाही. तो मेलेल्या, पण न कुजलेल्या झाडोऱ्याचा आहे. तिथे इतकं पाणी, इतका थंडावा आणि इतकी आंबटाई असते की कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. वर नवं शेवाळ वाढत राहतं, खालचं मरून तसंच दाबलं जातं. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे बाबांच्या उंचीएवढा थर व्हायला दीड-पावणेदोन हजार वर्षं.

आता बाबांसाठी कोडं. महाबळेश्वरला या मेयोपेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे. मग महाबळेश्वरला अशी गोधडी का नाही? कारण आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. उरलेले आठ महिने ऊन, वारा आणि वणवे. जे साचतं ते कुजतं, वाळतं, जळतं. इथे पाऊस एकूण कमी, पण वर्षातले सव्वादोनशेहून जास्त दिवस थोडा थोडा पडतो. जमिनीला वाळायला उसंतच मिळत नाही. पाऊस किती यापेक्षा पाऊस कसा, यावर सगळं अवलंबून.

आणि एक धागा थेट तुमच्या घरापर्यंत येतो. वाईहून कास फार लांब नाही. कासच्या सड्यावर पावसाळ्यात दवबिंदू नावाचं रोपटं बघितलंय का? लालसर पानं, केसांच्या टोकाला चिकट थेंब, त्यात अडकलेली चिलटं. त्याचीच भावंडं बॅलिक्रॉयच्या बॉगवर ओळीने बसलेली असतात. कासवरच्या सीतेच्या आसवांच्या कुळातली झाडंही इथल्या डबक्यांत आहेत. दोन्हीकडे कारण एकच: जमिनीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून झाडं किडे धरून पोट भरतात. कासला खाली जांभा आणि वर बोटभर माती, इथे खाली कित्येक फूट पीट. जमिनी एवढ्या वेगळ्या, पण उपाशी राहण्यावर झाडांनी काढलेला तोडगा तोच.

रात्रपाळी | ३ मे, रात्री ११:०५

आकाशाबद्दल मी सांगतो, कारण त्यासाठीच मी तिथे जातो.

याच भागातल्या मेयो डार्क स्काय पार्कला (काळोखं आकाश राखलेला परिसर) २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, सोनेरी दर्जाची. आजूबाजूला मोठं गाव नाही आणि पश्चिमेला थेट अटलांटिक, त्यामुळे दिव्यांचा उजेड जवळजवळ नाही. आकाशगंगा सावली पडेल इतकी स्वच्छ वाटते.

पण मे अखेरीस जाऊ नका ताऱ्यांसाठी. हे अक्षांश ५४ आहेत. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत तिथे पुरता काळोख होतच नाही. सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि क्षितिजाखाली फार खोल जात नाही, उत्तरेला रात्रभर फिकट उजेड राहतो. चित्रा, स्वाती असे ठळक काही दिसतील, त्यापलीकडे नाही. बाबांना ताऱ्यांसाठीच यायचं असेल तर सप्टेंबर ते मार्च, तेही अमावास्येच्या आसपास. दर नोव्हेंबरात तिथे डार्क स्काय महोत्सव भरतो.

हे त्यांना आधीच सांगा. नाहीतर रात्री एक वाजेपर्यंत थंडीत उभे राहतील.

वाईची_लेक | ४ मे, सकाळी ६:३०

निळावंती, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी तो वहीत उतरवून घेतला. महाबळेश्वरच्या कोड्याचं उत्तर मी वाचायच्या आधी त्यांनीच दिलं, आणि फार खूश झाले.

रात्रपाळी, बरं झालं सांगितलंत. आम्ही त्याच आशेवर होतो. आता दिवसाचाच बेत. सह्यभटक्या इथे असतील तर त्यांनी लिहावं, त्यांनी तिथला बँगोर ट्रेल पूर्ण केलाय असं ऐकलं.

सह्यभटक्या | ४ मे, रात्री १०:५०

लिहितो. आई-बाबांसाठी नाही, पण हा धागा वाचून कुणी 'सह्याद्री केलाय, हे काय' म्हणून निघेल, त्याच्यासाठी.

बँगोर ट्रेल ही न्यूपोर्टपासून बँगोर एरिसपर्यंतची जुनी वाट आहे, साधारण ४० किलोमीटर. रस्ते व्हायच्या आधी एरिस भागातले लोक गुरं हाकत याच वाटेने बाजाराला जायचे. बहुतेक जण वाटेवरच्या लेटरकीनहून सुरुवात करतात, तरी बँगोरपर्यंत पंचवीसएक किलोमीटर उरतात. त्या पंचवीस किलोमीटरमध्ये एकही रस्ता आडवा जात नाही, एकही नांदतं घर नाही, फोनला रेंज नाही. मधून माघारी फिरायचं तर आलेल्या वाटेनेच.

मी राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, रतनगड असं बरंच केलंय. तरीही हा ट्रेक माझ्या आयुष्यातल्या सर्वांत दमवणाऱ्या दिवसांपैकी एक. चढ जवळजवळ नाही, पण पाय कुठे टेकवायचा हे दहा तास प्रत्येक पावलाला ठरवावं लागतं. सह्याद्रीत दगड निसटेल याची धास्ती असते. इथे जमीन दिसते घट्ट आणि पाय मांडीपर्यंत आत. हिरवंगार, चमकदार शेवाळ दिसलं की तिकडे पाय टाकायचा नाही, त्याखाली पाणी असतं. हेदराची तपकिरी-जांभळी झुडपं आणि तपकिरी गवत जिथे आहे तिथे जमीन धरून असते.

नद्या हा दुसरा धोका. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पार झालेला ओढा दुपारच्या पावसानंतर कमरेएवढा होतो. गोधडी आधीच भिजलेली असल्यावर ती आणखी पाणी धरत नाही, सगळं खाली येतं. मी दोन तास एका काठावर बसून होतो, पाणी उतरायची वाट बघत. तेव्हा खूप भीती वाटली, हे कबूल करतो.

जाणार असाल तर: एकट्याने नको. कागदी नकाशा (१:५०,०००) आणि होकायंत्र, दोन्ही वापरता यायला हवीत. घरी कुणाला तरी वेळ सांगून निघा. रेंज असेल तिथून अडचणीत ११२ किंवा ९९९ लावून माउंटन रेस्क्यू मागायचं. पाऊस आठवडाभर लागून राहिला असेल तर बेत सरळ पुढे ढकला.

आणि तरीही जा, असं म्हणेन. दुपारी वाटेच्या कडेला जुन्या झोपड्यांच्या भिंती दिसल्या, गुडघ्याएवढ्या उरलेल्या. पूर्वी उन्हाळ्यात गुरं वर चरायला आणून लोक तिथे राहायचे. मला आपल्या घाटमाथ्यावरचे धनगरवाडे आठवले. त्या भिंतीच्या आडोशाला बसून डबा खाल्ला. पश्चिमेला ओवेनडफ नदीचं खोरं, पूर्वेला स्लीव्ह कार. ७२१ मीटर, या रांगेतला सर्वांत उंच आणि आयर्लंडमधला सर्वांत आडबाजूचा डोंगर म्हणून ओळखला जाणारा. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत मला एकही माणूस दिसला नाही.

प्रवासी_पक्षी | ५ मे, सकाळी ८:१०

निळावंती, सह्यभटक्या, तुमचं वाचून वाटतंय की आम्ही गाडीच्या काचेतूनच बघितलं. दवबिंदू तिथे आहे हे माहीतच नव्हतं, मुलांना तो दाखवता आला असता. एक शंका: पूर्वेकडे सरळ रांगेत लावलेली पाइनची झाडं दिसली. राष्ट्रीय उद्यानात लागवड कशी?

निळावंती | ५ मे, दुपारी १२:४०

चांगला प्रश्न. ती सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन, दोन्ही मूळची उत्तर अमेरिकेची. विसाव्या शतकात सरकारी वनखात्याने लाकडासाठी लावली. त्यासाठी बॉगमध्ये चर खणले, पाणी काढून टाकलं. जमीन इतकी निकस की झाडंही धड वाढली नाहीत. २०१३ पासून तिथे लाकडाचा धंदा सोडून ते क्षेत्र रानाला परत द्यायचं काम सुरू झालं. चर बुजवायचे, पाणी पुन्हा धरू द्यायचं, स्थानिक झाडं येऊ द्यायची. शिवाय ऱ्होडोडेंड्रॉन काढायचं. ते फुलतं सुंदर, पण आपल्याकडच्या घाणेरीसारखं पसरून खाली काहीच उगवू देत नाही.

दुसरी जखम मेंढ्यांची. १९८०-९० च्या दशकांत मेंढीच्या डोक्यामागे अनुदान मिळायचं, त्यामुळे डोंगरावर झेपतील त्यापेक्षा कितीतरी जास्त मेंढ्या सोडल्या गेल्या. झाडोरा खुरटला, वरचं पीट उघडं पडून वाहून गेलं. एक मिलिमीटर व्हायला वर्ष लागतं ते एका पावसात जातं. शेतकऱ्यांना दोष देता येत नाही, त्यांना सरकारनेच तसं करायला लावलं. पण मला त्या उघड्या काळ्या उतारांकडे बघवत नाही.

जगाच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के जमीन पीटची आहे, आणि तिच्यात सगळ्या जंगलांत मिळून असलेल्या कार्बनपेक्षा जास्त कार्बन बांधलेला आहे. ओवेनडफचा बॉग पश्चिम युरोपात अखंड उरलेल्या मोजक्या ब्लँकेट बॉगपैकी एक. तपकिरी माळ म्हणून त्याच्यावरून नजर फिरते तेव्हा वाईट वाटतं ते यामुळे.

दोन_घडी | ५ मे, संध्याकाळी ६:२०

एन ५९ वर कडेला काळ्या विटांच्या रांगा रचलेल्या दिसतात, त्या पीटच्याच ना? आमच्या शेजारच्या आजोबांकडे शेकोटीत तेच जळतं. वास गोवऱ्यांच्या धुरासारखा नाही, पण आठवण मात्र गावच्या चुलीचीच येते.

मेयोत_मुक्काम | ५ मे, रात्री ९:००

हो, त्याला इथे टर्फ म्हणतात. श्लान नावाची एका बाजूला पातं वळलेली कुदळ असते, तिने ओल्या विटा कापायच्या, आधी आडव्या पसरायच्या, जरा घट्ट झाल्या की पाच-सहा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. आपल्याकडे शेणी वाळवून रचतात तशीच सगळी कामाची तऱ्हा. आता बहुतेक यंत्राने कापतात.

यावर इथे फार हळवं वातावरण आहे, म्हणून जपून बोला. ३१ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानात किंवा ऑनलाइन टर्फ विकायला बंदी आली, पण ज्यांचा पिढीजात कापायचा हक्क आहे त्यांना स्वतःपुरतं कापता येतं. इस्पितळात माझ्या वॉर्डातल्या एका आजींनी मला सांगितलं होतं, लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे बॉगवर टर्फ उभं करणं आणि भांड्यातला गार चहा. त्यांना तो बॉग 'वाचवायची जागा' वाटत नव्हती, घरचं शेत वाटायचं. निळावंती म्हणतात ते मला पटतं, आणि आजीही मला पटल्या होत्या.

एक माझ्या पेशातली गोष्ट: पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा या बॉगवरचं स्फॅग्नम शेवाळ गोळा करून, वाळवून जखमांवर पट्टीत बांधायचे. स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरतं ते, आणि आंबट असल्यामुळे जखम चिघळण्याचं प्रमाण कमी व्हायचं.

वाईची_लेक | १८ मे, रात्री ९:१५

बेत ठरला, २४-२५ मे. आता साध्या शंका: पायात काय? छत्री? आई शाकाहारी आहे, खायचं काय? आईला चालता येईल अशी वाट नेमकी कुठली?

मेयोत_मुक्काम | १८ मे, रात्री १०:०५

छत्री गाडीतच ठेवा, वारा ती उलटवतो. टोपीचं पावसाळी जॅकेट आणि पॅन्ट. खाली सांगते त्या वाटांना साधे ट्रेकिंगचे बूट पुरतात, पण मोज्यांचा जादा जोड ठेवा.

आईंसाठी दोन वाटा. पहिली क्लॅगन डोंगराखालची, मलरॅनी आणि बॅलिक्रॉयच्या मधे, एन ५९ ला लागूनच. सुमारे दोन किलोमीटर, बरीचशी लाकडी फळ्यांवरून. एका बाजूला बॉग, दुसऱ्या बाजूला बेलाक्रॅगर खाडी. गुडघ्याला त्रास नाही. दुसरी बॅलिक्रॉय सेंटरच्या मागची, तीही दोनच किलोमीटर, पण वरच्या बघण्याच्या जागेपर्यंत चढ आहे. आई सेंटरमध्ये चहा घेत बसतील, बाबांना तुम्ही वर न्या. वरून एका बाजूला अ‍ॅकिल बेट, दुसऱ्या बाजूला पूर्ण नेफिन बेग रांग. सेंटरला प्रवेश फुकट आहे. वेळ हंगामाप्रमाणे बदलते, निघताना बघून घ्या.

फळ्या ओल्या असताना शेवाळून घसरतात, आईंना काठी द्या.

मिज नावाची चिलटं: वारा पडला आणि दमट संध्याकाळ असली की डोक्याभोवती ढग करतात. वारा असेल तर काळजी नाही. गोचीड मात्र गंभीरपणे घ्या, लाइम आजार होतो. पॅन्ट मोज्यात खोचा, रात्री गुडघ्यामागे, काखेत बघा. चिकटली असेल तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, चटका काही नको. नंतरच्या आठवड्यांत लाल चकती उठली तर डॉक्टरकडे.

जेवणाला न्यूपोर्ट आणि मलरॅनीत सूप-ब्रेड मिळतं. पण दशम्या आणि चटणी बरोबर असू द्या. पेट्रोल न्यूपोर्टलाच भरा. वळणावर मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असतात, सावकाश.

वाईची_लेक | २८ मे, रात्री १०:३०

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, आता सांगते.

शनिवारी वेस्टपोर्टपर्यंत पाऊस, मलरॅनीला उघडीप. क्लॅगनला पोचलो तेव्हा पार्किंगमध्ये आमचीच गाडी. वारा इतका की आईने पदर कमरेला खोचून वरून जॅकेट घातलं. पहिली दहा मिनिटं मलाही प्रवासी_पक्षींसारखंच वाटलं: काय बघायचं? मग निळावंतींचं आठवलं आणि मी बाबांना म्हटलं, खाली बघा.

बाबा फळीवर उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. दवबिंदू आईला आधी दिसला. नखाएवढी गोल लाल पानं, एकात इवलासा किडा अजून हलत होता. आई म्हणाली, "हा तर कासचा!" मी वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी कासला गेले होते, मला काहीच आठवत नव्हतं. तिला आठवत होतं की कुठल्या दगडापाशी तिने मला तो दाखवला होता.

बॉग कॉटन सगळीकडे फुललेलं. सावरीचा कापूस वाऱ्यावर सुटल्यासारखं, पण प्रत्येक गोंडा आपल्या काडीला धरून. निळावंती, तुम्ही लिहाल की हे लव्हाळ्याच्या कुळातलं, ते तिथल्या पाटीवर वाचलं. वर चंडोल गात होता, दिसत नव्हता. आणि लांबून कुक्कू. आई म्हणाली, पावशा नव्हे, पण त्याच्याच घरातला. बाबांनी तिथल्या माणसाला विचारलं, तर हाही आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालतो, इथे बहुतेक तीरचिमणीच्या.

दुपारी सेंटर. बाबा प्रदर्शनात दीड तास होते. मग आम्ही दोघे मागच्या वाटेने वर गेलो. वर गेल्यावर ते पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. समोर पूर्ण खोरं: ना खांब, ना तार, ना छप्पर. ढगाची सावली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला चांगला वेळ लागत होता, तेवढं ते मोठं. त्यांनी खिशातून नकाशा काढला आणि परवा भिंतीवर बोट ठेवलेली ती मोकळी जागा मला समोर दाखवली. "ही ती."

रविवारी बँगोर एरिसकडे निघालो, वाटेत ओवेनडफवर पूल लागतो, तिथे थांबलो. पाणी गढूळ नाही, तळाचा दगड दिसतो, पण रंग कोऱ्या चहाचा. पीटमधून झिरपून येतं म्हणून. बाबांनी नावाचा अर्थ विचारला. फोनवर बघितलं: आयरिशमध्ये ओवेन म्हणजे नदी, डफ म्हणजे काळी. बाबा कठड्याला टेकून पाण्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे ही यांची कृष्णा." मग बूट काढून सावकाश खाली काठाशी गेले, ओंजळभर पाणी घेतलं आणि परत सोडलं. घाटावर करतात तसं. आईने वरूनच हात जोडले.

रात्री झोपायच्या आधी अंगावर गोचीड शोधल्या. बाबांच्या पोटरीवर एक सापडली, सांगितलं होतं तशीच काढली.

रात्रपाळी | २८ मे, रात्री ११:१०

ओंजळीचं वाचून माझ्या आजोबांची आठवण आली. तारे बघितलेत का?

वाईची_लेक | २९ मे, सकाळी ७:००

अकरा वाजता अंगणात उभे राहिलो होतो. उत्तरेला केशरी पट्टा तसाच. स्वाती आणि अभिजित दिसले. बाबा म्हणाले, सूर्य इथेच खाली दडून बसलाय, हे पुस्तकातून शिकवलं, बघितलं आज.

त्यांचा निळावंतींना एक प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांत: "सेंटरमध्ये बॉगखाली सापडलेल्या पाइनच्या बुंध्यांबद्दल वाचलं. आज वर एक झाड नाही. मग पूर्वी जंगल होतं का? आणि ते गेलं कसं?"

निळावंती | २९ मे, दुपारी १:३०

काकांना नमस्कार सांगा. हो, जंगल होतं. हजारो वर्षांपूर्वी इथे पाइन वाढत. मग हवा ओली होत गेली आणि त्याच सुमारास पहिले शेतकरी आले, त्यांनी झाडं तोडली. झाड पाणी ओढून हवेत सोडतं. ते गेल्यावर पाणी जमिनीतच राहिलं, शेवाळ वाढलं, बुंधे त्याखाली गेले. पाऊस किती कारणीभूत आणि कुऱ्हाड किती, हे ठिकाणागणिक वेगळं.

काकांनी पुढच्या वेळी मेयोच्या उत्तर किनाऱ्यावर केइडे फील्ड्सला जावं. १९३० च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींच्या लक्षात आलं की गावकरी टर्फ कापताना खाली दगडांच्या रांगा लागतात. रांगा पीटच्या खाली आहेत, म्हणजे पीट व्हायच्या आधीच्या, आणि सरळ आहेत, म्हणजे माणसाने रचलेल्या, हे त्यांनी ओळखलं. त्यांचे चिरंजीव शेमस पुढे पुरातत्त्वज्ञ झाले. त्यांनी लोखंडी सळ्या पीटमध्ये खुपसून, कुठे दगडाला लागते ते नोंदवत मैलोन्‌मैल भिंतींचा नकाशा तयार केला. पाच हजार वर्षांहून जुने मानले जाणारे शेतांचे बांध, सगळे गोधडीखाली.

वाईची_लेक | २९ मे, रात्री ८:४५

वाचून दाखवलं. 'प्राथमिक शाळेतल्या गुरुजींच्या' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आता विचारताहेत, पुढच्या वर्षीची तिकिटं कधीपासून मिळतात.